स्त्री-भूमिकांसाठी कोणतं नाटक घ्यावं: ‘मॅकबेथ’, ‘ऑथेल्लो’ की ‘डचेस ऑफ माल्फी’?

संस्थेत दोन-तीन दमदार अभिनेत्री आहेत, जुनी इंग्रजी शोकांतिका करायची आहे आणि बाईचं काम नुसतं रडण्यापुरतं नको आहे, अशा वेळी ही तीन नाटकं हमखास पुढे येतात. ‘हॅम्लेट’मध्ये स्त्रिया दोनच. ‘किंग लिअर’मध्ये तीन मुली आहेत खऱ्या, पण कॉर्डेलिया पहिल्या प्रवेशानंतर थेट चौथ्या अंकात परतते. म्हणून ती दोन्ही इथे धरलेली नाहीत.

निवड करताना बहुतेक जण नायिकेच्या ओळी मोजतात. आमच्या मते आधी दुसरीच गोष्ट बघावी: नाटकातल्या बायका एकमेकींशी बोलतात का, आणि बोलतात तेव्हा कथेला वळण मिळतं का? या कसोटीवर ‘ऑथेल्लो’ पहिला येतो. मात्र त्याची संहिता नीट निवडली नाही, तर तोच सर्वांत दुबळा ठरू शकतो.

तिन्ही नाटकं लंडनच्या ‘किंग्ज मेन’ या एकाच मंडळीची. स्त्री-भूमिका मुलगेच करत. इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बाई उभी राहिली ती १६६०च्या डिसेंबरात, आणि नोंद सापडते ती पहिली भूमिका डेस्डिमोनाची.

‘मॅकबेथ’ शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये सर्वांत छोटी, फारशी काटछाट न करता मध्यंतरासह अडीच तासांत बसणारी. स्त्री-पात्रंही इथेच जास्त: लेडी मॅकबेथ, लेडी मॅकडफ, पाचव्या अंकातली दासी, तीन चेटकिणी आणि हेकेट. हेकेटचा भाग बहुधा मिडल्टन या दुसऱ्या नाटककाराने नंतर घातलेला. तो गाळला तरी काही बिघडत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लेडी मॅकबेथ अख्ख्या नाटकात एकाही बाईशी संवाद करत नाही. पाचव्या अंकात दासी समोर असते, पण ही झोपेत असते. लेडी मॅकबेथला स्वतःचं नावही नाही. हे एकटेपण भूमिकेचा कणा आहे, आणि ती नुसती राक्षसीण म्हणून रंगवली की हा कणाच मोडतो.

तो मोडतो काटछाटीमुळे. खुनाच्या रात्री ती म्हणते, झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच वार केला असता. तिसऱ्या अंकात एकटी असताना ती चार ओळी बोलते: सगळं खर्ची पडलं आणि हाती काहीच लागलं नाही. लगेच नवरा येतो, आपला साथीदार बँको याचं काय करणार ते सांगत नाही, ‘तू अजाणच राहा’ म्हणून तिला कटाबाहेर ठेवतो. वेळ वाचवायला दिग्दर्शक नेमक्या याच ओळी उडवतात. मेजवानीच्या प्रवेशानंतर ती पाच प्रवेश दिसत नाही आणि मग एकदम झोपेत चालताना येते. मधले दुवे गेले असतील, तर प्रेक्षकाला हे वेड आकाशातून पडल्यासारखं वाटतं.

झोपेतल्या प्रवेशात हात धुण्याची क्रिया मोकळी हवी. सारा सिडन्स या इंग्लिश नटीने १७८५मध्ये हातातली मेणबत्ती खाली ठेवली, तेव्हा तो रूढी मोडणारा प्रकार ठरला होता. आज तेच सोयीचं आहे. त्यासाठी तिच्या वाटेत कमरेच्या उंचीचं टेबल आधीपासून ठेवा. वाकावं लागलं तर झोपेतली चाल तुटते. हा प्रवेश गद्यात आहे, तो लयीत म्हणू नये. लेडी मॅकडफचा एकमेव प्रवेशही, ज्यात तिच्यावर मारेकरी येतात, कापू नका. तो गेला तर पुढच्या प्रवेशात मॅकडफचं दुःख केवळ ऐकीव बातमी उरते.

‘ऑथेल्लो’मध्ये स्त्रिया तीनच आणि तिघींचे थर वेगळे: सिनेटरची मुलगी डेस्डिमोना, तिच्या सेवेतली एमिलिया, आणि ऑथेल्लोचा हाताखालचा अधिकारी कॅसिओ याच्यावर जीव लावणारी बियांका. छापील पात्रसूचीत बियांका गणिका आहे. संहितेत मात्र एमिलिया तिला तसं हिणवते तेव्हा ती ठणकावते की मी तुझ्याइतकीच प्रामाणिक आहे. पात्रसूचीवर विसंबून तिला भडक कपडे चढवू नयेत.

डेस्डिमोनाची हमखास चूक म्हणजे पहिल्यापासून कोमेजलेली नायिका. पहिल्या अंकात ती भर सिनेटसमोर बापाला सांगते की माझं कर्तव्य आता विभागलं आहे, आणि नवऱ्याबरोबर सायप्रसला जाण्याचा हट्ट धरते. ही ठाम मुलगी दिसली, तरच चौथ्या अंकात चारचौघांत नवऱ्याने मारलेली थप्पड प्रेक्षकाला लागते.

खरी खाण एमिलिया आहे. ऑथेल्लोने दिलेला डेस्डिमोनाचा रुमाल ती उचलते आणि नवऱ्याला, कारस्थानी इयागोला, देते. पुढच्याच प्रवेशात डेस्डिमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल गं? एमिलिया म्हणते, ठाऊक नाही बाईसाहेब. मग ऑथेल्लो त्याच रुमालावरून आकांडतांडव करतो, ते ती तिथेच उभी राहून बघते आणि गप्प राहते. हे गप्प राहणं भीतीचं, नवऱ्याच्या मर्जीचं की प्रकरण क्षुल्लक समजण्याचं, हे अभिनेत्रीने तालमीच्या पहिल्या आठवड्यातच ठरवावं, कारण पाचव्या अंकातला स्फोट त्यावरच उभा आहे. तिथे ऑथेल्लो तिच्या नवऱ्याचं नाव घेतो तेव्हा ती पुन्हा पुन्हा एकच विचारते, ‘माझा नवरा?’ इतकं की तोच वैतागतो. प्रत्येक वेळी तिला थोडं अधिक कळत जातं. त्यानंतर ती म्हणते, नवऱ्याचं ऐकणं योग्यच, पण आत्ता नाही. बोलते, आणि त्यापायी जीव गमावते.

आता संहितेचा मुद्दा. १६२२ची क्वार्टो (या एकाच नाटकाची छोट्या आकाराची छापील प्रत) आणि १६२३ची फोलिओ (शेक्सपिअरच्या नाटकांचा मोठा संग्रह) यांत फरक आहे. फोलिओत सुमारे १६० ओळी जास्त. चौथ्या अंकातलं डेस्डिमोनाचं विलोचं गाणं आणि बायका बिघडतात त्याला नवरेच जबाबदार हे एमिलियाचं भाषण क्वार्टोत नाही. दोन बायका रात्री निवांत बोलतात असा हा एकमेव प्रवेश, आणि प्रयोग लांबला की पहिली कात्री यालाच लागते. नाटक ‘मॅकबेथ’च्या जवळजवळ दीडपट आहे, तेव्हा कापावं लागणारच. इयागो आणि रॉडेरिगोचे संवाद कापा; पहिल्या दोन अंकांत भरपूर जागा आहे. विदूषकाचे दोन छोटे तुकडेही जाऊ द्या.

शेवटच्या प्रवेशात पलंग तिरका मांडा, उशी प्रेक्षकांच्या बाजूला. १६१०मध्ये ऑक्सफर्डला प्रयोग पाहिलेल्या एकाने लिहून ठेवलं आहे की मेलेल्या डेस्डिमोनाचा चेहराच करुणा मागत होता. चेहरा दिसला नाही तर प्रवेश फक्त ऑथेल्लोचा होतो. गुदमरल्यानंतर ती पुन्हा बोलते. तिथे हसू येऊ नये म्हणून आवाज श्वासापुरताच ठेवा आणि एमिलियाला आधीच पलंगाजवळ आणा.

‘द डचेस ऑफ माल्फी’ जॉन वेब्स्टरचं, १६१३-१४च्या सुमाराचं. मुख्य भूमिका बाईची, आणि तिन्हींत सर्वांत भरलेली. विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याला, अँटोनिओला, स्वतः लग्नाचं विचारते, अंगठी देते, दासी कॅरिओलाला साक्षी ठेवून लग्न लावते. तिचे भाऊ, फर्डिनांड आणि कार्डिनल, हे सहन करत नाहीत. तिसऱ्या अंकात ती केस विंचरत नवऱ्याची थट्टा करते, नवरा आणि कॅरिओला गंमत म्हणून हळूच निसटतात, ती आरशाशी बोलत राहते आणि मागे फर्डिनांड येऊन उभा राहतो. आरसा असा ठेवा की फर्डिनांड प्रेक्षकांना तिच्या आधी दिसेल. मरणाच्या दारात ती कॅरिओलाला सांगते, धाकट्याला सर्दीचं औषध दे, मुलीला झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणायला लाव. हे सहज, घरगुती सुरात यायला हवं. गहिवर काढला की गेलं.

अडचणीही इथेच मोठ्या. चौथ्या अंकात फर्डिनांड डचेसच्या हातात मेलेल्या माणसाचा हात देतो, तो खऱ्या काळोखात द्यावा लागतो. ‘किंग्ज मेन’च्या ब्लॅकफ्रायर्स या बंदिस्त नाट्यगृहात मेणबत्त्या विझवून ते जमायचं. अर्धवट निळ्या प्रकाशात रबरी हात दिसला की प्रेक्षक हसतात. आणि डचेस चौथ्या अंकातच मरते. पाचवा अंक मुख्यतः पुरुषांच्या प्रेतांचा, त्यात कार्डिनलची प्रेयसी ज्युलिया विषारी ग्रंथाचं चुंबन घेऊन मरते तेवढाच स्त्री-पात्राचा ठसठशीत भाग. तो अंक निम्मा करा, अँटोनिओला डचेसच्या थडग्याकडून प्रतिध्वनी ऐकू येतो तो प्रवेश ठेवा आणि प्रतिध्वनी डचेसच्याच आवाजात द्या. पस्तिशीच्या आसपासची, काव्य पेलणारी अभिनेत्री हाताशी नसेल तर या नाटकाच्या वाटेला जाऊ नये. मुली सहा-सात असतील आणि तालमीला जेमतेम सहा आठवडे, तर ‘मॅकबेथ’च घ्या.

मराठीत करायचं तर ‘ऑथेल्लो’साठी देवलांचं ‘झुंझारराव’ (१८९०) आणि ‘मॅकबेथ’साठी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ (१९५४) आहे. देवल १९१६मध्ये गेले, त्यामुळे ते रूपांतर हक्कमुक्त आहे. शिरवाडकरांचं निधन १९९९चं आणि लेखनाचे हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, म्हणून परवानगी लागेल. ‘ऑथेल्लो’ची संहिता किंवा नवा अनुवाद हातात आला की आधी दोनच जागा उघडा: चौथ्या अंकातलं दोघींचं रात्रीचं बोलणं शिल्लक आहे का, आणि एमिलियाचा ‘माझा नवरा?’ एकदाच आहे की पुन्हा पुन्हा. अनुवादकाने ती पुनरुक्ती टाळली असेल, तर ती परत घालून घ्या.