लायब्ररी पोटात घ्यायची की बाहेरून आणायची?

सी किंवा सी++ मधला ओपन सोर्स प्रकल्प आहे, बाहेरच्या चार-पाच लायब्रऱ्या लागतायत आणि त्या कशा सांभाळायच्या ते ठरत नाहीये. अशा वेळी मी एकच विचारतो: उद्या त्यातल्या एखादीत सुरक्षेचं भोक सापडलं, तर ती बदलायची जबाबदारी कोणाची?

पहिला मार्ग, सोर्स सरळ आपल्या रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) कॉपी करणं, म्हणजेच पोटात घेणं. क्लोन केलं की बिल्ड होतं, नेट नसलं तरी. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी तर अशीच वापरावी म्हणून बनवली जाते: शंभरावर सोर्स फायली जोडून एकच sqlite3.c, तिच्या जोडीला एक हेडर, बस्स. या दोन फायली टाकल्या की काम झालं. पण कॉपी केलेला कोड हळूहळू ‘आपला’ वाटू लागतो, तिथे घोळ होतो. माझ्या एका छोट्या टूलमध्ये जेसन वाचणारी लायब्ररी अशीच ठेवली होती. देवनागरी मजकुरावर ती अडखळली म्हणून तिच्यातच दोन ओळी बदलल्या आणि विसरून गेलो. दोन वर्षांनी नवी आवृत्ती वर टाकली, तर जुना बग जसाच्या तसा परत. कुठे काय बदललं होतं ते शोधण्यात अख्खा रविवार गेला.

हाच घोळ मोठ्या प्रमाणावर २००२ मध्ये झाला. झेडलिब या डेटा आकसणाऱ्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. जे प्रोग्राम सिस्टिमची सामाईक झेडलिब वापरत होते, त्यांच्यासाठी एक पॅकेज बदललं की झालं. ज्यांनी तिची प्रत पोटात घेतली होती, ते मात्र एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या (वितरणाच्या) धोरणात अशा प्रतींना विरोध आहे तो उगाच नाही.

दुसरा मार्ग गिट सबमॉड्यूल, म्हणजे लायब्ररीचा रेपो कॉपी न करता आपल्या रेपोला जोडून ठेवणं. कोणता कमिट (कोडची नोंदलेली अवस्था) वापरतोय ते नेमकं नोंदलं जातं, हे खरं. पण नवा माणूस साधा क्लोन करतो, फोल्डर रिकामं दिसतं, बिल्ड फुटतं आणि पहिला इश्यू तोच येतो. गिटहब रिलीजसाठी आपोआप जी झिप बनवतं, तिच्यातही सबमॉड्यूलचा कोड नसतो. मी हा मार्ग सोडलाय.

तिसरा, पॅकेज मॅनेजर: सी आणि सी++ साठी कोनान, व्हीसीपीकेजी, रस्टमध्ये कार्गो, जावास्क्रिप्टमध्ये एनपीएम. इथे आवृत्त्या खिळवून ठेवता येतात आणि रेनोव्हेटसारखा बॉट नव्या आवृत्तीचा पीआर (बदल सामील करण्याची विनंती) स्वतः टाकतो. एकट्यादुकट्याने चालवलेल्या प्रकल्पाला हा मोठा आधार. धोका म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबणं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे जेमतेम ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभरचे बिल्ड अडले. एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम त्यानंतर कडक केले.

या खिळवलेल्या आवृत्त्या आणि त्यांचे हॅश (फाइलच्या ठशासारखे आकडे) जिच्यात नोंदले जातात, त्या लॉक फाइलवर मात्र भलता भरवसा नको. हॅश जुळला म्हणजे फाइल तीच आहे एवढंच कळतं. ती चांगली आहे का, ते नाही. एक्सझेड या फायली आकसणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार घुसवलं होतं ते अधिकृत रिलीजमध्येच. मार्च २०२४ मध्ये ते आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं, कारण एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता! म्हणून बॉटचा पीआर आला की लगेच मर्ज करू नका, आठवडाभर मुरू द्या. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर गोष्ट वेगळी.

चौथा मार्ग, डिस्ट्रोची लायब्ररी वापरणं. दुरुस्तीची काळजी डिस्ट्रोवाले घेतात. बदल्यात उबुंटू एलटीएसवर (वर्षानुवर्षं सांभाळली जाणारी उबुंटू) जी जुनी आवृत्ती असेल तिच्याशी जमवून घ्यावं लागतं, आणि विंडोजवाल्यांची सोय वेगळी बघावी लागते.

माझा कौल मिश्र आहे. झेडलिब, ओपनएसएसएल, लिबकर्ल यांसारखं नेटवरून आलेला डेटा हाताळणारं काहीही पोटात घेऊ नका. लिनक्सवर डिस्ट्रोचं, विंडोजवर व्हीसीपीकेजीचं. एसक्यूलाइट किंवा एका हेडरची चिमुकली लायब्ररी खुशाल कॉपी करा, फक्त शेजारी एक टेक्स्ट फाइल ठेवा: कुठून आणली, कोणता कमिट, कधी, आणि आपण काय बदललं. माझ्या रेपोत त्या शेवटच्या प्रश्नापुढे ‘काही नाही’ असं नसेल, तर पीआर मर्ज होत नाही.