व्हेरा खोलोद्नाया: तिचा मूकपट आधी, की तिच्यावर बेतलेला सिनेमा?

क्रांतिकाळातल्या रशियाची सगळ्यात लाडकी नटी म्हणजे व्हेरा खोलोद्नाया. तिची ओळख करून घ्यायची तर कुणीही तिच्यावर बेतलेल्या, निकिता मिखाल्कोव्हच्या 'राबा ल्युब्वी' ('प्रेमाची दासी') या सिनेमाकडे बोट दाखवतं. मी म्हणेन, आधी दिग्दर्शक येव्गेनी बाउएरचा मूकपट 'देती वेका' ('युगाची मुलं', १९१५) बघा. त्यात ती स्वतः आहे.

'राबा ल्युब्वी' रंगीत, देखणा, दीड तासाचा. आर्तेम्येव्हचं संगीत तर डोक्यातून जाता जात नाही. नायिका ओल्गा वोझ्नेसेन्स्काया, म्हणजे व्हेरावरून रचलेली नटी. दक्षिणेत शूटिंग रखडलंय, आणि कॅमेरामन पोतोत्स्की श्वेत सैन्याचे, म्हणजे क्रांतिविरोधी फौजांचे, अत्याचार गुपचूप टिपतोय. शेवटी धुक्यातून एक ट्राम धावतेय, आत एकटी ओल्गा आणि मागे घोडेस्वार. हा प्रसंग चुकवू नका. पण सिनेमा सोव्हिएत आहे, त्यामुळे नायिका क्रांतीच्या बाजूला झुकणार हे ओघानं आलंच. खऱ्या व्हेराला गाठलं ते साथीनं. १९१८ मध्ये ती चित्रपटाच्या चमूबरोबर ओडेसाला गेली. फेब्रुवारी १९१९ मध्ये, शहरात फ्रेंच फौजा असताना, स्पॅनिश फ्लूनं वारली. वय अवघं पंचवीस. मग विषारी फुलांनी मारल्याच्या, हेरगिरीच्या वावड्या उठल्या. मिखाल्कोव्हच्या आधीपासून लोक तिची गोष्ट रचतच होते म्हणायचं!

'देती वेका' पाऊण तासाचाही नाही. कारकुनाची बायको, तान्हं मूल, तिच्यावर डोळा ठेवणारा धनाढ्य व्यापारी: कथा बेतास बात. बघायचं ते व्हेराकडे. त्या काळच्या पडद्यावर छाती पिटणं, केस उपटणं चालायचं. ती मात्र बराचसा अभिनय नजरेनंच करते. घर सोडायचं ठरतं तेही आधी चेहऱ्यावर कळतं. ओल्गा डोक्यात बसल्यावर हा चेहरा बघाल तर नकळत तुलनाच करत बसाल, म्हणून हा क्रम.

मूकपटाची अजिबात सवय नसेल तर मात्र मिखाल्कोव्हपासून सुरुवात केलेली बरी.

दोन्ही आवडले तर व्हेराचाच 'मोल्ची, ग्रुस्त, मोल्ची' ('गप्प, दुःखा, गप्प', १९१८) हा मूकपट शोधा. त्याचा पहिलाच भाग उरलाय. व्हेरा त्यात सर्कसवाली पाउला. नवरा झुल्यावरून पडून जायबंदी होतो आणि दोघं रस्त्यावर गाणीबजावणी करत फिरतात. पुढे श्रीमंतांच्या मेजवान्या, दारू. बाहेर देश पेटलेला, आणि पडद्यावर क्रांतीचा मागमूस नाही.