डेमोत चालला, नंतर थांबला: मल्टिकास्टच्या नावाखाली झालेली फसवणूक

आम्हाला प्रत्येक मजल्यावरच्या पडद्यांना व्हिडिओ मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पोचवण्याच्या पद्धतीने द्यायचा होता. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओचा प्रवाह तयार करणारं यंत्र, कोणी बघो न बघो, प्रवाह सोडतच असतो. तो फक्त मागणी असलेल्या पोर्टवर जाऊ देणं हे स्विचचं, म्हणजे नेटवर्कच्या केबल जोडणाऱ्या पेटीचं काम. कोणाला कोणता प्रवाह हवा हे कळवायची ठरलेली भाषा म्हणजे आयजीएमपी, आणि ते निरोप स्विचने ऐकून ठेवणं म्हणजे स्नूपिंग. म्हणून कोटेशनमध्ये आयजीएमपी स्नूपिंग आणि क्वेरियर (तो काय करतो ते पुढे येईलच) अशा दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून घेतल्या होत्या. विक्रेत्याने स्विच बसवले आणि थाटात डेमो दिला.

डेमोभर त्याच्या तंत्रज्ञाच्या हातातून रिमोट सुटला नाही. हा चॅनल, तो चॅनल, पुन्हा पहिला. ‘एकच चॅनल जरा चालू ठेवा’ म्हटलं, तर ‘सगळे तपासून घ्या ना साहेब, नंतर तक्रार नको!’

या आग्रहाचं कारण नंतर कळलं. चॅनल बदलला की सेट-टॉप बॉक्स नव्याने ‘मला हा गट (म्हणजे या चॅनलचा प्रवाह) हवा’ असा निरोप पाठवतो आणि स्विच त्या पोर्टची नोंद करतो. ही नोंद टिकवायला कोणीतरी ठरावीक वेळाने ‘अजून हवंय का?’ असं विचारावं लागतं. तो विचारणारा म्हणजे क्वेरियर. मानकातल्या मूल्यांनुसार तो दर १२५ सेकंदांनी विचारतो. कोणीच विचारलं नाही, तर साधारण २६० सेकंदांनी नोंद पुसली जाते आणि चित्र गोठतं. म्हणजे सव्वाचार मिनिटांहून थोडं जास्त. तेवढा वेळ त्याने एकही चॅनल स्थिर ठेवला नव्हता.

वापर सुरू झाल्यावर पडदे एकेक करून गोठू लागले. आधी केबलवर खापर फुटलं, नवीन केबलचं बिलही आलं. मग म्हणे, ‘नवं तंत्रज्ञान आहे, थोडा दम धरा.’ आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीचं मानक १९९७ सालचं आहे आणि तिसरीचं २००२ चं!

शेवटी त्याने दुरूनच लॉगिन करून काहीतरी केलं आणि चित्र स्थिर झालं. पण बाकीचं नेटवर्क रांगायला लागलं. त्याने स्नूपिंगच बंद करून टाकलं होतं, त्यामुळे प्रत्येक प्रवाह प्रत्येक पोर्टवर. ८ एमबीपीएसचे १६ प्रवाह म्हणजे १२८ एमबीपीएस. १०० एमबीपीएसच्या पोर्टवरचा बिचारा प्रिंटर काय करणार? वाय-फायचे हाल तर विचारू नका, तिथे मल्टिकास्ट बहुधा सगळ्यात कमी वेगाने जातं. यावर त्याचा तोडगा तयारच होता: ‘तुमचा मुख्य स्विच कमी पडतोय, मोठा घ्या.’ नवं कोटेशन त्याच दिवशी हजर.

ते बाजूला ठेवून आम्ही स्नूपिंग पुन्हा चालू केलं, एका पोर्टचं मिररिंग (तिथल्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवणं) लावलं आणि लॅपटॉपवर फक्त आयजीएमपीची पाकिटं पाहिली. बॉक्सचे निरोप येत होते, ‘अजून हवंय का?’ विचारणारी क्वेरी मात्र एकही नाही. मग स्विचमागचं लेबल वाचलं. कोटेशनमधल्या आणि आलेल्या मॉडेलच्या क्रमांकात शेवटचं एकच अक्षर वेगळं, आणि या स्वस्त मॉडेलमध्ये क्वेरियर नव्हताच. चलनावर पूर्ण क्रमांक न छापता फक्त मालिकेचं नाव होतं. हे अनवधानाने झालं असं कोणाला मानायचं असेल तर मानो बापडा.

आमच्या राउटरमध्ये क्वेरियरची सोय होती. ती चालू केल्यावर पडदे गोठायचे थांबले, मोठ्या स्विचची गरज उरली नाही. उरलेलं पैशाचं देणं आम्ही थांबवलं. कोटेशन, चलन आणि लेबलचे फोटो पाठवल्यावर त्याने केबलचं बिल निमूटपणे मागे घेतलं. स्विच बदलून देण्याबद्दल अजून हुज्जत चालू आहे.

तुमच्याकडे असं काम निघालं तर माहितीपत्रकातल्या ‘स्नूपिंग’ शब्दावर थांबू नका, ‘क्वेरियर’ वेगळा शोधा. चलनावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक मागा. डेमोच्या वेळी रिमोट स्वतःकडे घ्या, एकच चॅनल लावून दहा मिनिटं कोणाला हात लावू देऊ नका. तेवढ्यात स्विचच्या पानावर स्नूपिंग चालू आहे का आणि गटांच्या तक्त्यात त्या पोर्टची नोंद टिकून आहे का, तेही पाहा. सही त्यानंतर.