कॉलनीत चार कॅमेरे लावले, त्याला अकरा महिने झाले

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी दूध घ्यायला दार उघडायला गेलो तर उघडेना. वाटलं, लाकूड अडकलं असेल. दोन लाथा घातल्या, मग लक्षात आलं की बाहेरून कोणीतरी कडी लावलीय. समोरच्या नानांना फोन केला, तर त्यांचंही दार बाहेरून बंद. शेवटी दूधवाल्यानेच आम्हा चार घरांना मोकळं केलं. शेजारचं कुटुंब लग्नाला गेलेलं, त्यांच्या दाराचा कडीकोयंडा तुटून लटकत होता. त्याच रात्री मागच्या गल्लीतलंही एक घर फुटलं होतं.

आमची वस्ती जळगावात, महामार्ग ओलांडून पिंप्राळ्याच्या अंगाला. २४ घरं, मधे मधे रिकामे प्लॉट, त्यात बाभळी. त्या दोन घरफोड्यांनंतर बैठक झाली आणि घरटी १,२५० रुपये वर्गणी ठरली. तीस हजारांत २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र), १ टीबीची हार्डडिस्क आणि वायरिंग एवढं बसलं. बैठकीत आक्का (वय सत्तरच्या पुढे, कोपऱ्यावरचं घर) एवढंच म्हणाल्या, "कॅमेरा तं लायात, पन दखस कोन?" (कॅमेरे लावले तरी बघणार कोण?) सगळे हसले. मीसुद्धा.

आधी तक्रारी सांगून टाकतो. डीव्हीआर नानांच्या माळ्यावर ठेवला होता. एप्रिल-मे महिन्यातला आपल्याकडचा माळा म्हणजे भट्टीच, दुपारी यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. खाली हॉलमध्ये आणलं तेव्हा थांबलं. रात्री लाईट गेली की रेकॉर्डिंगही जायचं, म्हणजे अंधार असताना नेमका कॅमेरा आंधळा. छोटा यूपीएस वेगळा घ्यावा लागला, आणि ते विकणाऱ्याने आधी सांगितलं नव्हतं. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचं जाळं काचेवर चढलं की पडद्यावर नुसता पांढरा धूर. दर पंधरा दिवसांनी बांबूला फडकं बांधून पुसतो. गाडीचा नंबर रात्री वाचता येईल ही आशा सोडा, त्याच उजेडात नंबरप्लेट पांढरी फटक दिसते.

चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग १ टीबीत साधारण अकरा दिवस मावतं. त्यानंतर जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. दिवाळीनंतर एक कुटुंब सुरतेला मुलाकडे गेलं, पंधरा दिवसांनी परत आलं तर मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं. चोरी कोणत्या रात्री झाली तेच ठाऊक नाही. पाहिलं तेव्हा पहिले चार दिवस पुसले गेले होते. उरलेल्या अकरांत काहीच नाही. कॅमेरा घेणार असाल तर पैसे आधी हार्डडिस्कवर घाला, कॅमेऱ्यांची संख्या नंतर.

घड्याळाचं एक राहिलं. आमच्या डीव्हीआरची वेळ १७ मिनिटं पुढे होती आणि सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. चित्रण पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हा कायदा आहे, आधीच्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब ते आता हे. त्यात फाइलची हॅश किंमतही (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायची असते. घड्याळ चुकलेलं असेल तर ते तिथेच लिहून द्यावं, नाहीतर वकील त्याच १७ मिनिटांवर बोट ठेवणार.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. श्रावणात कानबाई आली, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी आमच्या वस्तीतली निम्मी घरं भाऊबंदकीत रोट खायला गावी जातात, म्हणजे कुलपांची जत्राच. रात्री २ वाजून ४० मिनिटांनी (घड्याळाचे १७ वजा करून) दोघे तोंडाला रुमाल बांधून गल्लीत शिरले. ते चित्रण मी दहा वेळा पाहिलंय. उजेड असलेल्या घरांपुढे ते थांबत नाहीत, नुसत्या अंधाऱ्या घरांपुढेही नाही. थांबतात फक्त तीन ठिकाणी, जिथे फाटकाला बाहेरून कुलूप लोंबतंय. एका ठिकाणी पायाने जमिनीवरचे पेपर सरकवून बघितले, चार-पाच पडले होते. मग कोपऱ्यावर आले आणि जागेवर थबकले. आक्कांकडे कानबाई बसली होती, जागरण चालू, बाया गाणी म्हणत होत्या. ते दोघे आल्या पावली परतले. कॅमेरा त्यांच्या डोक्यावरच होता. एकाने मान वर करून पाहिलंही, आणि काही फरक पडला नाही.

त्यानंतर आम्ही बदललं ते फुकटातलं. फाटकाचं कुलूप आतल्या बाजूने लावतो. गावी जाताना पेपर बंद करतो. आणि बंद घरापुढे शेजारीण सकाळी सडा टाकून दोन रेघांची रांगोळी काढते. सुरतेला गेलेल्यांनी यातलं काही केलं नव्हतं, कोणाला न सांगता निघाले होते.

मेव्हण्याला इकडे प्लॉट घ्यायचाय, तो विचारत होता की तुमच्या एरियाचा क्राइम रेट किती. एनसीआरबीचा (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था) दर एक लाख लोकसंख्येमागे काढतात. आमची माणसं जेमतेम शंभर, फेब्रुवारीतल्या दोन घरफोड्या धरल्या तरी लाखामागे २,००० होतात! शहरांचे वेगळे तक्तेही २० लाखांवरच्या महानगरांचेच असतात, जळगाव २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार. शिवाय मागच्या गल्लीतून पाण्याची मोटर गेली, एकाचं गॅस सिलेंडर गेलं, दोघांनीही "कोण ठाण्यात चकरा मारेल" म्हणून नोंद केली नाही. कागदावर त्या चोऱ्या झाल्याच नाहीत. मी मेव्हण्याला म्हटलं, रात्री अकराला ये, गल्लीतून एक चक्कर मार, किती जण तुला "कोणाकडे?" विचारतात ते मोज. आला होता. तिघांनी विचारलं, आणि एका कुत्र्याने.

कॅमेऱ्यांचा उपयोग नाही असं नाही. कचरा कोण टाकतं, कोणाच्या गाडीने नानांची भिंत घासली, असे वाद मिनिटात मिटले. तेवढ्यासाठी १,२५० रुपये जड नाहीत. चोर अडवायला घेत असाल तर थोडं थांबा.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही चार दिवस गावी आहोत. किल्ली आक्कांकडे ठेवणार, सड्याचं त्यांनी कबूल केलंय. बदल्यात येताना गावाकडच्या कैऱ्या आणायच्या आहेत, लोणच्याच्या, पाच किलो.