मानवी फॉक्सपी३ : पीसीएच१०१ घ्यावी की २३६ए/ई७?

फॉक्सपी३ हे टी-रेग, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी, ओळखायचं केंद्रकातलं प्रथिन. पीसीएच१०१ आणि २३६ए/ई७ या ते रंगवायच्या दोन अँटिबॉडी (क्लोन). परवा लॅबमधल्या ज्युनिअरने विचारलं, "दादा, दोन्ही मागवल्या तर?" मी तिला जुनी कोटेशनं दाखवली. एकच घ्यायची आहे.

उंदरांवर काम असेल तर हा वादच नाही, एफजेके-१६एस घ्या. माकडांचं रक्त असेल तर पीसीएच१०१, कारण ती त्यांच्यातही चालते. एक्झॉन २ (जनुकाचा एक तुकडा) गाळलेला प्रकार वेगळा ओळखायचा असेल, तर एक्झॉन २ असलेलंच प्रथिन पकडणारी १५०डी लागेल. खरा पेच पडतो तो माणसाच्या रक्तातले टी-रेग मोजताना.

पीसीएच१०१ उंदीरकुळातल्या रॅटमध्ये बनवलेली, तर २३६ए/ई७ माऊसमध्ये. पहिलीची चमक छान येते, तिच्यावर झालेलं कामही भरपूर आहे. ताज्या, न डिवचलेल्या पेशींवर मला दोघींत फारसा फरक दिसला नाही. मी वैतागलो ते डिवचलेल्या पेशींवर. अँटि-सीडी३, अँटि-सीडी२८ या टी पेशींना डिवचणाऱ्या अँटिबॉडी देऊन तीन दिवस ठेवलेल्या पेशी पीसीएच१०१ने रंगवल्या, तर फ्लो सायटोमीटरच्या (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात सीडी४ टी पेशींचा अख्खा ढिगारा उजवीकडे, जास्त चमकेकडे, सरकला आणि चमकणाऱ्या व न चमकणाऱ्या पेशींमधली दरीच बुजली. गेट, म्हणजे टी-रेग वेगळे काढणारी रेघ, कुठे मारायचं? मी मारलं तर टी-रेग अठरा टक्के, शेजारच्या बाकावरच्याने मारलं तर अकरा. फाइल तीच, ट्यूब तीच. गाइडनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "रेघ इथेच का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सगळा दोष अँटिबॉडीचा म्हणता येणार नाही. माणसाच्या साध्या टी पेशीही डिवचल्या की थोडा काळ खरोखरच फॉक्सपी३ बनवतात. सरकणं २३६ए/ई७नेही होतं, पण माझ्या हाती तरी मध्ये एक खळगा उरला आणि आमच्या दोघांच्या रेघा जवळपास एकाच जागी पडल्या. तुमच्या पेशींवर वेगळं दिसू शकेल, एवढं मान्य करून ठेवतो.

दुसरं म्हणजे २३६ए/ई७ पॅराफिन ब्लॉकच्या (मेणात जपलेल्या ऊतींच्या) कापांवरही चालते. एकाच रुग्णाचं रक्त आणि गाठीचा तुकडा हातात असेल तर दोन्हीकडे क्लोन तोच राहतो. मात्र कापांवर दुसरीही माऊसची अँटिबॉडी लावायची असली की सेकंडरीचा (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून रंग देणाऱ्या अँटिबॉडीचा) घोळ होतो, ती दोन्ही माऊसच्यांना चिकटते. तिथे रॅटची पीसीएच१०१ सोयीची वाटेल, पण पॅराफिनवर ती मी वापरलेली नाही.

कोणतीही आणा, पण न डिवचलेली ट्यूब सोबत ठेवा आणि सीडी१२७ (टी-रेगवर कमी असणारं प्रथिन) पॅनेलमधून काढू नका. फिक्स-पर्म बफर (अँटिबॉडीला पेशीच्या आत वाट करून देणारं द्रावण) ताजा बनवा. मी एकदा आदल्या दिवशीचा वापरला होता, आणि केंद्रकात काहीच शिरलं नाही. ज्युनिअरने शेवटी २३६ए/ई७ची ऑर्डर टाकली आहे. वायल आली की आधी टायट्रेशन, म्हणजे योग्य मात्रा ठरवणं. गेल्या खेपेला मला सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्यात भागलं होतं.