खोजा मागितला, शालू मिळाला: बेळगावातल्या एका ड्रेपरी दुकानाचा अनुभव

यंदा गणपतीत आम्ही विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या खुनावर एकांकिका बसवली. 1580 साली त्याला भोसकलं ते बिदरहून मुद्दाम मागवून घेतलेल्या एका खोजानं (खच्ची केलेल्या सेवकानं), म्हणजे खोजा हेच आमचं मुख्य पात्र. कडोलीहून सकाळच्या बसनं बेळगाव गाठलं आणि नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याच्या हातात यादी दिली. त्यानं खोजासाठी काढलं काय, तर लाल जरीचा शालू, गजरा आणि घुंगरं!

"ओ मालक, ही बृहन्नडा झाली."

"मग तेच की ओ! मागच्या वर्षी विराटपर्वाला हाच ड्रेस गेला. लोकं हसून हसून लोळली."

त्याला तरी काय बोलायचं? नाटकवाल्यांनी हे पात्र पहिल्यापासून हसण्यावारीच नेलंय. हर्षाच्या 'रत्नावली' या संस्कृत नाटकात माकड सुटतं, तेव्हा अंतःपुरातले वर्षवर, म्हणजे खोजेच, खुशाल पळ काढतात. माणसांत गणतीच नाही, मग लाज कसली! दरबारातला खोजा वेगळा. मूलबाळ नाही, म्हणजे स्वतःचं घराणं उभं करणार नाही, या हिशेबानं राजे त्याच्या हाती जनानखाना सोपवायचे, कधी फौजही. खंबायतच्या लुटीत हाती लागलेला खोजा गुलाम, अल्लाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर 1311 मध्ये सैन्य घेऊन थेट होयसळांच्या राजधानीवर, हळेबीडवर आला होता. त्याला काय घुंगरं बांधणार?

मालक कुरकुरला, पण माळ्यावरची पेटी उतरवली. आत मोतिया रंगाचा जामा, कमरबंद, मंदील. जामा खरंच देखणा. गळ्याशी हातानं भरलेला कशिदा, अस्तर शाबूत. डांबरगोळ्यांचा वास तेवढा सोसायचा. जाम्याचे बांधायचे बंद डावीकडे होते. मुघल चित्रांत मुसलमान दरबारी उजवीकडे बांधतात. पण पाचव्या रांगेतून कुणाला दिसतंय?

घरी पिशवी उघडली तर खोजाच्या कपड्यांवर ही भरघोस दाढी! लहानपणीच खच्ची केलेल्याला दाढी कुठून फुटायची? ती आम्ही सुलतानाला लावली. सोबतचा डिंक जुनाट. ऐन खुनाच्या प्रवेशात अर्धी दाढी खोजाच्या हाताला चिकटून आली, आणि लोकं हसायची ती हसलीच.

भाडं 800, डिपॉझिट 1000. परत देताना दाढीचे 200 कापले, पावती नाही. जाम्यासाठी मी पुन्हा तिथंच जाईन. तुम्ही गेलात तर पिशवी दुकानातच उघडून बघा, आणि डिंक आपला न्या.