भजनाच्या व्हिडिओतून आवाज काढायचा तं वेव्ह, फ्लॅक, का जसाच्या तसा?

आपल्या इकडं बहुतेक भजनी मंडळाकडं असाच माल पडून आहे, सप्त्याचे मोबाईलवरचे व्हिडिओ, लग्नाच्या स्टुडिओवाल्यानं करून दिलेल्या डीव्हीड्या, अन् कोणाच्या कपाटात मिनी डीव्हीच्या (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या) कॅसेटी. त्यातला खंजिरी भजनाचा आवाज वेगळा काढून जपायचा म्हटलं का कोणीतरी सांगतेच, "फ्लॅकमधे टाक, क्वालिटी वाढते." नाई वाढत भाऊ. वेव्ह अन् फ्लॅक हे आवाजातलं काईच न गमावता ठेवायचे फाईलीचे प्रकार, वेव्ह न दाबता ठेवते, फ्लॅक दाबून. मोबाईलनं शूट करतानाच आवाज एएसी नावाच्या प्रकारात, काई भाग गाळून, दाबून टाकला असते, त्यातलं जे गेलं ते गेलं, ताकाचं काई परत दूध होत नाई.

म्हणून पहिले मीडियाइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाका अन् व्हिडिओच्या आत कोणता ऑडिओ आहे ते पाहा, अर्धा निर्णय तिथंच होऊन जाते.

एएसी दिसलं तं माझं मत सरळ आहे, कन्व्हर्टच करू नका. लॉसलेसकट नाहीतर एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर वापरून ऑडिओ ट्रॅक जसाच्या तसा कॉपी करून एम४ए फाईल काढा. काईच कमी होत नाई, अन् १२८ केबीपीएसचा आवाज असला तं तासाला साधारण ५८ एमबी लागते. तोच तास वेव्हमधे काढला (४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ) तं ६९० एमबीच्या आसपास, अन् ऐकायला फरक शून्य. व्हाट्सॲपवरून फिरून आलेला व्हिडिओ असंन तं त्याले फ्लॅक करणं म्हणजे नुसती हार्डडिस्क भरणं.

पण मिनी डीव्हीची गोष्ट वेगळी. तिच्यात आवाज न दाबलेला पीसीएम असते, तिथं लॉसलेसचा (म्हणजे काईच न गमावणाऱ्या प्रकाराचा) खरा फायदा आहे. डीव्हीडीत कुठं पीसीएम निघते कुठं एसी-३ (हा बी एएसीसारखा दाबलेलाच), ते पाहूनच ठरवा, एसी-३ निघालं तं तेही तसंच कॉपी करा.

आता पीसीएम हाती लागलं, तं वेव्ह का फ्लॅक? दोन्हीत आवाज तोच, बिट न् बिट. वेव्ह १९९१ पासूनचं आहे अन् कोणतंही एडिटिंग सॉफ्टवेअर ते उघडते, पण जागा लय खाते, ४ जीबीच्या वर साधी वेव्ह फाईल जातच नाई, म्हणजे रात्रभराचं जागर एका फाईलीत बसन का नाई ते पाहून घ्या, अन् गायकाचं नाव, गाव, तारीख आत लिहून ठेवायची सोय बी धड नाई. फ्लॅक २००१ मधे आलं, फुकट आहे, साधारण अर्ध्या ते साठ-पासष्ट टक्के जागेत काम भागते. झांजा अन् खंजिरीचा कल्ला असला तं कमी दबते, एकट्या कीर्तनकाराचा आवाज चांगला दबते. एकाच माईकवरून दोन्ही बाजूले हुबेहूब तोच आवाज गेला असंन तं फाईल अजूनच लहान होते, काऊन का फ्लॅक दोन बाजूंमधला फरक पाहते अन् इथं फरकच नसते. वरून फ्लॅकमधे मूळ आवाजाचा चेकसम (आवाजावरून काढलेला तपासणीचा आकडा) बसला असते, म्हणजे पाच वर्षांनी पेनड्राइव्हवरची फाईल खराब झाली का ते टेस्ट करून समजते. साध्या वेव्हमधे हे नाई. जपून ठेवाले मी तं फ्लॅकच म्हणतो.

एलॅक (ॲपलचा फ्लॅकसारखाच प्रकार) फक्त ज्याच्या घरी आयफोन आहे अन् त्याच्या म्युझिक ॲपमधेच ऐकायचं आहे त्याच्यासाठी. ॲपलनं ते २०११ मधे ओपन सोर्स केलं, आवाजात फ्लॅकपेक्षा कमी नाई, पण आपल्याकडं ज्याच्या त्याच्या हातात ॲन्ड्रॉइड.

राह्यला ट्रॅक्टरवरचा टेप अन् मंदिरातला पेनड्राइव्हवाला स्पीकर. त्यातले कितीतरी फ्लॅक वाजवतच नाई, एम४ए बी नाई. त्याच्यासाठी मूळ फाईल न हलवता वेगळी एमपी३ कॉपी काढा, १९२ केबीपीएस बस झालं, अन् पेनड्राइव्ह फॅट३२ (पेनड्राइव्हवर फाईली मांडायची एक पद्धत) मधे फॉरमॅट करा.